शिखर सापडतं, पण कधी? चार्टवरच्या 'पीक' सूत्राची चिकित्सा



'पेट' सुटली, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, विषय शेअर बाजाराचा घ्यायचा आहे, असं सांगणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. त्यांच्या आराखड्यात एक ओळ हमखास असते: 'अलीकडचं शिखर ओळखून, किंमत त्या शिखराच्या वर गेल्यास खरेदी आणि शिखरावरून उतरल्यास विक्री.' ही ओळ दिसली की मी पुढे वाचायची थांबते. ओळ चुकीची आहे असं नाही. पण त्यातला 'ओळखून' हा शब्द फार सहज लिहिलेला असतो, आणि माझ्या स्वतःच्या कामाचा पहिला मसुदा याच शब्दावर कोसळला होता.

आजच्या लेखात आपण चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये शिखर शोधणाऱ्या तीन सूत्रांची चिकित्सा करणार आहोत. ही सूत्रं अ‍ॅमीब्रोकर, मेटास्टॉक, ट्रेडिंगव्ह्यू अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये थोड्याफार फरकाने मिळतात. इथे मी ती देवनागरीत लिहिते आहे, प्रत्यक्षात अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. कोडिंग येत नसेल तरी घाबरू नका, मुद्दा कोडचा कमी आणि संशोधनाचा जास्त आहे.

आधी मामांची गोष्ट

मी आपट्याची. पनवेलच्या पुढे, पाताळगंगेच्या काठचं गाव. आमच्याकडे मामा राहतात, रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मी लॅपटॉपवर निफ्टीचा चार्ट उघडून बसले की ते चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहायचे. पहिल्यांदा मी त्यांना 'पीक' दाखवलं तेव्हा म्हणाले, "पीक म्हणजे भाताचं का गं?" मी म्हटलं, "नाही हो मामा, शिखर. भाव जिथून खाली वळला ती जागा."

चार्टवर प्रत्येक शिखरावर एक लाल बाण होता. एकही बाण चुकीच्या जागी नव्हता. बाण आला की भाव खाली, हिरवा बाण आला की भाव वर. बॅकटेस्ट केली तर नफ्याची रेघ डोंगरासारखी चढत गेलेली. मला वाटलं, प्रबंधाचं चौथं प्रकरण झालं. मामांना वाटलं, निवृत्तीच्या पैशाचं भलं झालं. "याच्यावर थोडे लावून बघू का?" असं त्यांनी विचारलं आणि मी, खोटं कशाला सांगू, "बघा की" म्हणाले.

मामा कारखान्यात रोजची नोंदवही भरणारे. त्यांनी पैसे लावायच्या आधी एक वही केली. रोज संध्याकाळी बाजार बंद झाला की चार्ट बघायचा आणि आज बाण आहे की नाही ते तारखेसह लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "अगं, मंगळवारी इथे लाल बाण होता. मी लिहून ठेवलाय. आज तो दिसत नाही. कुठे गेला?"

मी म्हटलं, तुमचा बघण्यात घोटाळा झाला असेल. मग आम्ही दोघांनी वही आणि चार्ट शेजारी ठेवून पाहिलं. घोटाळा मामांचा नव्हता. वहीत होते त्यातले काही बाण चार्टवर नव्हते, आणि चार्टवर होते त्यातले काही बाण वहीत कधीच आले नव्हते. म्हणजे ज्या दिवशी बाण दिसतो आहे, त्या दिवशी तो तिथे नव्हताच. सॉफ्टवेअरने तो नंतर, मागे जाऊन काढला होता.

मामांचे पैसे वहीमुळे वाचले. माझं प्रकरण मात्र गेलं.

सूत्र पहिलं: मागच्या इतक्या दिवसांतला सर्वोच्च भाव

सगळ्यात साधं सूत्र म्हणजे 'एचएचव्ही(हाय, २०)'. मागच्या २० दिवसांतला सर्वांत वरचा भाव दे, एवढंच ते सांगतं. या सूत्राचा मोठा गुण म्हणजे ते प्रामाणिक आहे. आजपर्यंतचाच डेटा वापरतं, उद्याचं काही बघत नाही. जे उत्तर आज देतं, ते वर्षभराने उघडून पाहिलं तरी तेच असतं.

मग अडचण कुठे? अडचण नावात आहे. हे सूत्र कमाल किंमत शोधतं, शिखर शोधत नाही. आपट्याहून कर्नाळ्याच्या बाजूला बघितलं की सुळका उठून दिसतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन खाली गेलेली आहे. शिखर व्हायला दोन उतार लागतात. 'एचएचव्ही' एकही उतार तपासत नाही.

त्यातून दोन विचित्र गोष्टी होतात. भाव रोज वाढत असेल तर रोजचा दिवस 'शिखर' ठरतो. आणि भाव २० दिवस सलग पडत असेल, तर १९ दिवसांपूर्वीचा दिवस 'शिखर' ठरतो, जरी त्याच्या आधीचे दिवस त्याहून उंच असले तरी. तो दिवस उतारावरचा कुठलातरी दगड असतो, फक्त आपल्या खिडकीच्या चौकटीला टेकलेला. दुसऱ्या दिवशी खिडकी एक घर सरकते आणि 'शिखर'ही सरकतं. बाजारात काहीही घडलेलं नसताना तुमच्या सूत्राचं उत्तर बदलतं.

यावर उपाय सोपा आहे. 'एचएचव्हीबार्स' नावाचं जोडीचं सूत्र कमाल भाव किती दिवसांपूर्वी आला ते सांगतं. तो आकडा शून्य असेल (म्हणजे आजच) किंवा १९ असेल (म्हणजे खिडकीचा अगदी मागचा काठ), तर त्याला शिखर म्हणू नका. पण गंमत बघा, ज्या अभ्यासकांना 'शिखर' या शब्दाचा मोह नाही त्यांनी याच साध्या सूत्रावर चांगलं काम केलं आहे. थॉमस जॉर्ज आणि चुआन-यांग ह्वांग यांनी २००४ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये ५२ आठवड्यांच्या उच्चांकावर निबंध लिहिला. आजचा भाव त्या उच्चांकाच्या किती जवळ आहे, एवढंच गुणोत्तर त्यांनी घेतलं. वळणबिंदू शोधल्याचा दावा नाही, त्यामुळे तो सिद्ध करण्याची जबाबदारीही नाही. शब्द नेमका ठेवला की काम किती हलकं होतं, ते यातून शिका.

सूत्र दुसरं: झिगझॅगवरचं 'पीक'

माझे बाण या सूत्राचे होते. 'पीक(क्लोज, १०)' असं लिहिलं की सॉफ्टवेअर आधी झिगझॅग काढतं. भाव १० टक्क्यांनी उलटा फिरला तरच ते वळण धरायचं, बारीकसारीक हालचाल सोडून द्यायची, हा त्यामागचा विचार. कल्पना चांगली आहे. डोळ्यांना जे शिखर वाटतं, जवळजवळ तेच हे सूत्र देतं.

पण आता नीट विचार करा. शिखर आहे हे ठरवायला त्याच्या नंतर १० टक्के घसरण व्हावी लागते. ती घसरण होईपर्यंत कुणालाच, सॉफ्टवेअरलासुद्धा, ते शिखर आहे हे माहीत नसतं. तरीही चार्टवर बाण येतो तो शिखराच्या दिवशी. म्हणजे बाणाची तारीख एक आणि बाण समजल्याची तारीख दुसरी.

निफ्टीचं २०२० सालचं उदाहरण घेऊ. बंद भावाने पाहिलं तर १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२.३० वर बंद झाला, आणि कोविडच्या पडझडीआधीचं शिखर तेच ठरलं. आता १० टक्क्यांचा नियम लावा. १२,३६२.३० मधून १० टक्के वजा केले की ११,१२६ च्या आसपास रेषा येते. २ मार्चला निफ्टी ११,१३२.७५ ला बंद झाला, म्हणजे रेषेच्या थोडा वरच. रेषेखाली पहिल्यांदा बंद झाला तो ६ मार्चला, १०,९८९.४५ वर. म्हणजे १४ जानेवारीचं शिखर हे शिखर आहे, ही बातमी ६ मार्चला मिळाली. मध्ये ५२ दिवस गेले आणि भाव ११.१ टक्के उतरला.

बॅकटेस्ट काय करते? १४ जानेवारीला १२,३६२ ला विकून मोकळी होते. खऱ्या माणसाला विकता आलं असतं ते फार तर ६ मार्चच्या बंद भावाला. फरक जवळपास १,३७३ अंकांचा. हा फरक एका व्यवहारातला आहे, आणि बॅकटेस्टमध्ये असे व्यवहार ढिगाने असतात. माझी नफ्याची रेघ डोंगरासारखी का चढत होती, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या रेघेत भविष्य मिसळलेलं होतं.

'मग ५ टक्के घेऊ, लवकर कळेल,' असं लगेच मनात येतं. येऊ द्या, तपासू. ५ टक्क्यांची रेषा ११,७४४ वर येते. १ फेब्रुवारी २०२० ला, अर्थसंकल्पाच्या दिवशी, शनिवार असूनही बाजार उघडा होता आणि निफ्टी ११,६६१.८५ ला बंद झाला. म्हणजे १८ दिवसांत शिखर पक्कं. १५ टक्के घेतले तर ९ मार्च. एकाच शिखराला तीन वेगवेगळ्या 'कळण्याच्या' तारखा. यातली बरोबर कोणती? तिन्ही. आणि म्हणूनच ५ घ्यायचे, १० की १५, हे निकाल बघून ठरवायचं नसतं. सगळे आकडे चालवून ज्याने सर्वांत जास्त नफा दिला तो प्रबंधात लिहायचा, ही पद्धत किती सर्रास आहे ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्याला डेटा पिळणं म्हणतात. पिळला की काहीतरी निघतंच.

अ‍ॅमीब्रोकरवर अन्याय नको म्हणून हेही सांगते. त्यांच्या मार्गदर्शिकेत या सूत्राखालीच सूचना आहे की ते झिगझॅगवर आधारलेलं आहे आणि पुढचा डेटा बघू शकतं. सूत्र पुढचे भाव वापरतं का, हे तपासून सांगायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये आहे. सूचना मी वाचली नव्हती. इंटरनेटवरून सूत्र उचललं, चिकटवलं, बाण आले, खूश झाले. दोष हत्याराचा नाही, हत्यार कशासाठी केलंय ते न विचारणाऱ्या हाताचा. झालेल्या घटनांचं वर्णन करायला झिगझॅग उत्तम आहे. '२००० ते २०२० मध्ये निफ्टीत १० टक्क्यांहून मोठ्या घसरणी किती वेळा झाल्या?' हा प्रश्न असेल तर बिनधास्त वापरा. 'अशा घसरणीआधी विकून नफा झाला असता का?' हा प्रश्न असेल तर हात लावू नका.

सूत्र तिसरं: दोन्ही बाजूंनी तपासलेलं शिखर

तिसरं सूत्र मला सर्वांत जास्त आवडतं. 'रेफ(हाय, -५) == एचएचव्ही(हाय, ११)'. मराठीत सांगायचं तर, पाच दिवसांपूर्वीचा वरचा भाव हा मागच्या ११ दिवसांतला सर्वांत वरचा आहे का? असेल, तर त्याच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस त्याहून उंच काही नाही. दोन्ही उतार तपासले गेले. ट्रेडिंगव्ह्यूच्या पाइन स्क्रिप्टमध्ये 'पिव्हटहाय' नावाने हेच मिळतं, तिथे डाव्या आणि उजव्या बाजूला किती दिवस तपासायचे ते तुम्ही सांगता.

या सूत्राचं मोठेपण म्हणजे उशीर त्यातच लिहिलेला आहे. शिखर पाच दिवसांपूर्वी झालं, मला आज कळलं. झिगझॅगमध्ये उशीर कधी १८ दिवसांचा, कधी ५२ दिवसांचा, इथे तो ठरलेला. तुम्हाला फक्त एक पथ्य पाळायचं आहे. चार्टवर बाण पाच दिवस मागे सरकवून काढा, हरकत नाही, दिसायला बरं असतं. पण खरेदी-विक्रीचा दिवस आजचाच धरा, आणि भाव तर उद्याच्या उघडण्याचा धरा. कारण आजचा दिवस संपल्याशिवाय आजचा वरचा भाव पक्का होत नाही.

यातही खोट आहे. सूत्रात 'बरोबर' ही खूण आहे, त्यामुळे दोन दिवसांचा वरचा भाव अगदी सारखा असेल तर दोन शिखरं मोजली जातात. सपाट माथ्याचं काय करायचं ते आधी ठरवा. एका बाजूला 'पेक्षा मोठा' आणि दुसऱ्या बाजूला 'मोठा किंवा समान' असं ठेवलं की एकच शिखर उरतं. शिवाय पाचच दिवस का, सात का नाहीत, हा प्रश्न इथेही आहे. आणि पाच दिवसांच्या आत मोठी पडझड झाली तर हे सूत्र शांतपणे बघत बसतं.

हाय की क्लोज? छोटा प्रश्न, मोठा फरक

आता एक असा मुद्दा जो व्हायवात नक्की विचारला जाईल. शिखर वरच्या भावाचं की बंद भावाचं?

८ जानेवारी २००८ ला निफ्टी दिवसभरात ६,३५७.१० पर्यंत गेला आणि ६,२८७.८५ ला बंद झाला. ५ नोव्हेंबर २०१० ला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यात, तो ६,३१२.४५ ला बंद झाला. बंद भावाने पाहिलं तर २००८ चं शिखर ओलांडलं, 'ब्रेकआउट', खरेदी करा. वरच्या भावाने पाहिलं तर ६,३५७.१० ओलांडलंच नाही, खरेदी नाही. तो आकडा पार व्हायला २०१३ उजाडलं. एकाच निर्देशांकावर एकाच संशोधकाने सूत्रात एक शब्द बदलला तर निष्कर्ष तीन वर्षांनी सरकतो. २०२० मध्येही तेच. बंद भावाचं शिखर १४ जानेवारीचं, दिवसातल्या उच्चांकाचं शिखर मात्र २० जानेवारीचं, १२,४३०.५० चं.

कंपन्यांच्या शेअरवर काम करत असाल तर आणखी एक. एकास एक बोनस दिला की भाव साधारण निम्मा होतो. डेटा जुळवून घेतलेला नसेल, तर सूत्राला बोनसच्या आदल्या दिवशी भलंमोठं शिखर दिसतं, जे कधी घडलंच नाही. कुठला डेटा, जुळवलेला की मूळ, लाभांशासाठी जुळवलाय की फक्त बोनस-स्प्लिटसाठी, हे पद्धतीच्या प्रकरणात पहिल्या पानावर लिहा.

उशीर ही लाजायची गोष्ट नाही

आपल्याला उशीर म्हणजे दोष वाटतो. मोठ्या माणसांना वाटत नाही. अमेरिकेत अर्थव्यवस्थेचं शिखर कधी झालं हे 'नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च'ची समिती जाहीर करते. डिसेंबर २००७ हे शिखर होतं, असं त्यांनी जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला. जवळपास वर्षभराने. कुणी त्यांना अडाणी म्हटलं नाही, कारण शिखराची तारीख आणि जाहीर केल्याची तारीख ते वेगळ्या सांगतात.

तांत्रिक विश्लेषणातही हे काटेकोरपणे करणारे आहेत. अँड्र्यू लो, हॅरी मामायस्की आणि जियांग वांग यांचा २००० सालचा निबंध प्रत्येकाने वाचावा. त्यांनी भावांची वळणं शोधून 'हेड अँड शोल्डर्स'सारख्या आकृत्या संगणकाने ओळखल्या. ३८ दिवसांची खिडकी घेतली, पण आकृती ३५ दिवसांत पूर्ण झालेली हवी आणि ती ओळखायला आणखी ३ दिवस जाऊ द्यायचे. परतावा मोजायला सुरुवात त्यानंतर. ते ३ दिवस हीच त्या निबंधाची शिस्त आहे. माझ्या मसुद्यात ते ३ दिवस नव्हते.

आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात पाताळगंगा चढायला लागली की काठावरचे लोक पाण्यात काठी रोवून बघत राहतात. पाणी किती चढलं ते काठी सांगते, पण 'यापेक्षा आता चढणार नाही' असं काठी बघून कुणी म्हणत नाही. पाणी उतरायला लागलं, भिंतीवर ओली रेघ मागे राहिली, की मग म्हणतात, एवढं आलं होतं. रेघ खरी असते. पण ती रेघ दाखवून 'मी सामान वेळेत माडीवर हलवलं' असं सांगणाऱ्याला गावात कुणी विचारणार नाही का, तुला आधी कसं कळलं?

तुमच्यासाठी कापणीची चाचणी

आता हाताने करून बघायचं काम. एक्सेलमध्येही होतं, अर्धा तास लागेल.

१. निफ्टीचा कुठल्याही दोन वर्षांचा रोजचा डेटा घ्या. तुमचं सूत्र चालवा आणि शिखरांच्या तारखा एका रकान्यात ठेवा.

२. आता डेटा मधल्याच एका दिवशी कापा. पुढचं सगळं काढून टाका. सूत्र पुन्हा चालवा. त्या दिवसापर्यंतच्या शिखरांच्या तारखा दुसऱ्या रकान्यात ठेवा.

३. एकेक दिवस डेटा जोडत जा आणि दर वेळी तारखा लिहा.

४. जुन्या तारखेचं उत्तर नवा दिवस जोडल्यावर बदललं, तर तुमचं सूत्र भविष्य बघतं. बदललं नाही, तर ते वापरण्यालायक आहे.

मामांनी वहीत जे केलं ते हेच. फरक एवढाच की त्यांनी रोज वाट पाहिली, तुम्ही कापून कापून तेच अर्ध्या तासात करता.

झिगझॅगच हवा असेल तर तोही प्रामाणिक करता येतो. प्रत्येक शिखराजवळ दोन तारखा ठेवा, घडल्याची आणि कळल्याची. विश्लेषणात पहिली वापरा, व्यवहारात फक्त दुसरी. मी शेवटी तेच केलं. नफ्याची डोंगरासारखी रेघ गेली. उरली ती बरीचशी सपाट, मधूनमधून खाली जाणारी. मी ती घेऊन गाईडकडे गेले तेव्हा पोटात गोळा होता. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "आता लिहायला घे."

निकाल

समीक्षा म्हटली की निकाल द्यायला हवा. माझा असा आहे. 'एचएचव्ही' प्रामाणिक आहे, पण त्याला शिखर म्हणू नका, उच्चांक म्हणा. झिगझॅगचं 'पीक' इतिहास सांगायला चांगलं, व्यवहार तपासायला घातक. दोन्ही बाजूंचं पिव्हट हे संशोधनासाठी तिघांतलं सर्वांत सुरक्षित, फक्त उशीर मान्य करायची तयारी हवी. आणि तिघांपैकी कुठलंही सूत्र वापरा, सिनॉप्सिसमध्ये 'शिखर म्हणजे काय' हे एका वाक्यात असं लिहा की दुसऱ्या विद्यार्थ्याने तुम्हाला न विचारता तेच दिवस शोधून काढावेत. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. कोर्सवर्कमध्ये ती पाठ केलेली असते, वापरायची वेळ इथे येते.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. ते का तोट्यात गेले याची कारणं अनेक असतील आणि सगळ्याचं खापर मी एका सूत्रावर फोडणार नाही. पण लाल-हिरव्या बाणांचे सुंदर चार्ट दाखवून क्लास विकले जातात, हे आपण रोज फोनवर बघतो. तो चार्ट बघून 'हा बाण त्या दिवशी होता का?' एवढा प्रश्न विचारणारी माणसं घराघरात हवीत. पीएचडी करणारे आपण तो विचारणार नसू, तर कोण विचारणार?

आमच्या आपटा स्टेशनवर 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट चित्रित झाला होता. तो बघताना सगळ्यांना माहीत असतं की सिमरन गाडी पकडणार. माहीत असूनही मजा येते, कारण तो सिनेमा आहे. मी मात्र त्याच फलाटावर सकाळी दिवा गाडीची वाट बघत उभी असते, आणि गाडी किती उशिरा येणार ते ती आल्यावरच कळतं. संशोधनात आपण फलाटावर उभे असतो. प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून फलाटावरचा अनुभव लिहायचा नाही.

मामांची वही अजून चालू आहे. पैसे त्यांनी पोस्टात ठेवले.